लिव्हरपूलचा भाव आणि आमचा कापूस

शेअर बाजार कोसळला की टीव्हीवरची मंडळी अमेरिकेतल्या व्याजदराचे आकडे सांगू लागतात. मग सकाळी फिरायला येणारे आमचे स्नेही हमखास विचारतात, "गुरुजी, तिकडच्या आकड्याशी आपलं काय देणंघेणं?" हे देणंघेणं दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि आमच्या वऱ्हाड-नागपूरचा कापूस त्यात चांगलाच गुंतलेला आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग लिव्हरपूलचे व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. एरवी ते याच कापसाला आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून नाके मुरडीत! भाव पाहता पाहता चौपटीच्या आसपास गेला. हिंगणघाटच्या कापसाचे तर तेव्हा नावच होते. या भरभराटीत नागपूरकडच्या काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, असे सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण अशी गोष्ट रचावीशी वाटावी इतका पैसा आला होता एवढे नक्की.

मुंबईत त्याहून अधिक आला. मात्र तो शेतात किंवा कारखान्यात थोडाच गेला. नव्या बँका निघाल्या, समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली बॅक बे कंपनी सर्वांत गाजली. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकांमध्ये चाले. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत, त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात, त्यामुळे भाव वाढे, आणि वाढलेल्या भावावर पुन्हा कर्ज मिळे. सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता : अमेरिकेतले युद्ध चालू राहिले पाहिजे.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपत आल्याच्या वार्तांनीच कापूस घसरू लागला होता, आता तो गडगडला. १ जुलै हा वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस. त्या दिवशी देणेकरी भरपूर आणि पैसा कोणाकडेच नाही, अशी गत झाली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती, ती १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली. नसरवानजी टाटांच्या पेढीलाही या मंदीचा जबर फटका बसला. त्यांच्या मुलाने, जमशेटजींनी, पुढे १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली, कापसाच्या अगदी दाराशी. मला हा धडा त्यांनी बरोबर घेतलेला दिसतो.

गंमत पाहा, रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये. तेजीच्या काळात आमचा कापूस बैलगाड्यांनी खस्ता खात गेला, आणि गाडी आली तेव्हा भाव उतरलेला!

मुंबईच्या दिवाळखोरांसाठी सरकारने १८६५ मध्येच खास कायदा केला. शेतकऱ्यासाठी मात्र काही नाही. तेजीत सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले होते, मंदीत तोच जमिनीवर टाच आणू लागला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यामागच्या कारणांत कापसाची ही मंदीही मोजली जाते. शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचे युद्ध एका धड्यात आणि दख्खनचे दंगे दुसऱ्या धड्यात. मी वर्गात दोन्हींमध्ये फळ्यावर एक रेघ ओढून दाखवीत असे.

२०२२ च्या उन्हाळ्यात विदर्भात कापूस दहा हजार रुपये क्विंटलच्या वर गेला. पुढच्या हंगामात पुन्हा तोच भाव येईल या आशेने कित्येकांनी कापूस घरातच भरून ठेवला. भाव सात-आठ हजारांतच घुटमळला. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा रोज फोनवर न्यूयॉर्कचा वायदा पाहायचा. माजघरात आढ्यापर्यंत कापूस, माणसे ओसरीवर झोपलेली, आणि लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली.