जोकरच्या गळ्यातलं गाणं

'जोकर: फोली आ द्यू' हा चित्रपट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लागला आणि पहिल्याच आठवड्यात एक तक्रार सगळीकडून ऐकू आली: जोकर गातो कशाला? गाण्याशिवाय सिनेमा असू शकतो हे ज्यांना जरा उशिरानेच कळलं, त्या आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही ती केली, हे गमतीचंच. २०१९ च्या पहिल्या 'जोकर'ने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक कमावले होते. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्चून केलेला दुसरा भाग वीस कोटींच्या आसपास अडकला. अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून 'सिनेमास्कोर' ही संस्था श्रेणी घेते. तिथे त्याला 'डी' मिळाली. कॉमिक्सवरच्या कुठल्याही चित्रपटाला तोवर इतकी खालची श्रेणी मिळाली नव्हती.

खापर गाण्यांवर फुटलं. पण गाणं जोकरकडे कुठून आलं ते शोधत मागे गेलं, तर खापर चुकीच्या डोक्यावर फुटल्यासारखं वाटतं.

या पात्राचं मूळ व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ च्या 'द मॅन हू लाफ्स' या कादंबरीपर्यंत जातं. लहानपणी तोंड चिरून कायमचं हसरं केलेला ग्विनप्लेन जत्रेत खेळ करून पोट भरतो, आणि त्याची जखम पाहून लोक खदाखदा हसतात. १९२८ साली पॉल लेनीने त्यावर चित्रपट केला. त्यातल्या कॉनराड फाइटच्या चेहऱ्यावरून बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांनी १९४० च्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात जोकर उभा केला. नेमकी कल्पना कोणाची, यावर पुढे वाद होत राहिला. ते असो. प्रेक्षकांसमोर उभं राहणं आणि त्यांनी हसणं हे या खलनायकाच्या जन्मापासूनचं आहे.

साठच्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरोने मिशा काढायला नकार दिला आणि त्यांच्यावरच पांढरा रंग फासून जोकर केला. तो सगळा मामला हलकाफुलका होता. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये मात्र ॲलन मूरने त्याला पडेल विनोदवीर केलं आणि त्याच्या तोंडी अख्खं गाणं घातलं: पोलीस आयुक्त गॉर्डनचा छळ चालू असताना, मोडक्या करमणूक-बागेत. पुढच्याच वर्षी टिम बर्टनच्या चित्रपटात जॅक निकोल्सनचा जोकर प्रिन्सच्या गाण्यावर नाचत संग्रहालयातली चित्रं विद्रूप करतो. जोकरची प्रेयसी हार्ली क्विन तर आलीच नाटकी वाटेने. अभिनेत्री आर्लिन सॉर्किन एका मालिकेतल्या स्वप्नदृश्यात विदूषक झाली होती. ते पाहून पॉल डिनीला हे पात्र सुचलं आणि १९९२ मध्ये ती सॉर्किनच्याच आवाजात बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये अवतरली. दोन वर्षांनी एका भागात तिने गुंडांच्या क्लबात जुनं प्रेमगीतही म्हटलं.

म्हणजे लेडी गागाला हार्ली करून तिला गायला लावणं हा काही आगाऊपणा नव्हता. २०१९ च्या चित्रपटातही त्याची बीजं होती. पुढे जोकर होणारा आर्थर टीव्हीवर फ्रेड अस्टेअरचा १९३७ सालचा नाच बघतो, भुयारी रेल्वेतले सुटाबुटातले टगे सॉन्डहाइमचं गाणं म्हणत त्याला छळतात. पहिल्या खुनांनंतर तो स्वच्छतागृहात नाचतो, तो नाच पटकथेत नव्हता. हिल्दूर गुदनादोत्तिरने चित्रीकरणाआधीच रचलेलं चेलोचं संगीत दिग्दर्शक टॉड फिलिप्सने सेटवर लावलं आणि आर्थर झालेल्या वाकीन फीनिक्सला तो सुचला. गुदनादोत्तिर आणि फीनिक्स, दोघांनाही ऑस्कर मिळालं.

गंमत अशी, की फिलिप्सने पहिल्या भागासाठी मार्टिन स्कोर्सेसीकडून इतकं उसनं घेतलं, की दुसऱ्या भागात त्याचं नशीबही घेतलं. पहिल्या भागावर ज्याची छाप आहे तो स्कोर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर' १९७६ चा. त्याच्या यशानंतर स्कोर्सेसीने त्याच रॉबर्ट डी नीरोला घेऊन १९७७ मध्ये 'न्यू यॉर्क, न्यू यॉर्क' हा संगीतपट काढला आणि तो आपटला. त्याचं शीर्षकगीत पुढे फ्रँक सिनात्राने गाऊन अमर केलं. पहिल्या 'जोकर'मध्ये डी नीरोच आहे आणि सिनात्राचं गाणंही आहे.

ते शीर्षकगीत कँडर आणि एब या जोडीचं. मला वाटतं, याच जोडीचं 'शिकागो' हे 'फोली आ द्यू'चं सर्वात जवळचं थोरलं भावंड आहे. मॉरीन वॉटकिन्स या वार्ताहराने १९२४ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'साठी खुनाचा आरोप असलेल्या दोन बायकांचे खटले लिहिले. दोघी सुटल्या. त्यावर तिने १९२६ मध्ये नाटक केलं, १९७५ मध्ये त्याचं संगीतक झालं, २००२ मध्ये रॉब मार्शलने चित्रपट काढला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळाली. तुरुंग, खटला, वर्तमानपत्रांनी चढवलेला खुनी आणि त्याच्या डोक्यातला रंगमंच: फिलिप्सच्या चित्रपटातला सगळा ऐवज इथे आहे.

फरक आहे तो गाण्याच्या कामाचा. 'शिकागो'त वकील कोर्टात जे खोटं विकणार, ते गाणं आधी उघडं करतं. गाणं संपतं तेव्हा खटला पुढे सरकलेला असतो. लार्स फॉन ट्रियरच्या 'डान्सर इन द डार्क'मध्ये आंधळी होत चाललेली कामगार बाई गाण्यात पळून जाते, म्हणून गाणं थांबलं की पोटात खड्डा पडतो. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना हा हिशेब चांगला ठाऊक होता. पद लांबलं तरी चालायचं, पण उगाच आलेलं खपत नसे. 'फोली आ द्यू'मध्ये ली (म्हणजेच हार्ली) आणि आर्थर प्रेमात आहेत हे प्रसंगातून कळतं, मग तेच गाण्यातून कळतं, मग पुढच्या गाण्यातून पुन्हा. गाणी बहुतेक जुनी, कोणाच्या तरी दुसऱ्याच सुखदुःखासाठी लिहिलेली. त्यातून फीनिक्स पुटपुटतो आणि गागासारख्या गायिकेलाही बराच वेळ आवाज दाबून गायला लावलं आहे. प्रदर्शनाआधी तर करणाऱ्यांनाच याला संगीतपट म्हणवत नव्हतं. गाण्याची लाज वाटत असताना गाणं केलं की असं होतं.

चित्रपटाकडे सांगण्यासारखी धारदार गोष्ट होती, हे मान्य करायला हवं. कोर्टात आर्थर कबूल करतो की जोकर असा कोणी नाहीच, मीच आहे. त्या क्षणी ली उठून निघून जाते, कारण तिला आर्थर नव्हे, जोकर हवा होता. पहिल्या भागावर फिदा झालेल्या प्रेक्षकांना लगावलेली ही सरळ चपराक आहे आणि ती मला आवडली. ग्विनप्लेनला हसणारी जत्रेतली गर्दी दीडशे वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात आली होती. पण एवढ्या महत्त्वाच्या जागी गाण्याला काहीच काम नाही. कबुली नुसत्या बोलण्यातच उरकते.

तेव्हा या चित्रपटाने निराश झाला असाल, तर संगीतपटांवर राग काढू नका. एका संध्याकाळी 'शिकागो' लावा.