खडू, फळा आणि रेल्वेचे वेळापत्रक

‘रेन अँड मार्टिन’ म्हटले की क्रियापदांचे काळ आणि वाक्यांची चिरफाड डोळ्यांपुढे येते. पण यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन त्या व्याकरणासाठी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि १९११ मध्येच त्यांनी हिंदुस्थानी शाळांत इंग्रजी थेट पद्धतीने शिकवण्यावर पुस्तक लिहिले होते. वस्तू दाखवायची, कृती करायची, मुलांना इंग्रजीतच बोलते करायचे, भाषांतराचा टेकू घ्यायचा नाही, ही ती थेट पद्धत. मराठी मुले मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्ये इकडून तिकडे करत इंग्रजी शिकत राहिली. थेट पद्धतीला सफाईने इंग्रजी बोलणारा शिक्षक लागतो. तो गावोगाव आणायचा कुठून?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सर्वांत धडाक्याने हाती घेतला तो मद्रास राज्याने. १९५९ मध्ये तिथे प्राथमिक शाळांतल्या सत्तावीस हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची मोहीम निघाली. आधी थोड्यांना शिकवायचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. शिकवायची होती ती रचनांची पद्धत: सोप्यापासून अवघडापर्यंत वाक्यांचे साचे लावून घ्यायचे, एकेक साचा वर्गात वस्तू दाखवून आणि प्रसंग उभा करून घोटून घ्यायचा. शिक्षकाने पुस्तक उंच धरायचे, हे पुस्तक आहे असे म्हणायचे, वर्गाने एका सुरात तेच म्हणायचे. वर्ग गजबजलेला असे यात शंका नाही. पण हातात धरलेली वस्तू पुस्तक आहे हे सगळ्यांना आधीच दिसत असते. सांगण्यासारखे त्यात काही नसते, आणि म्हणूनच साचे पाठ झालेली मुलेही वर्गाबाहेर गप्प राहत.

बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेने १९७९ मध्ये सुरू केलेला प्रयोग याच ठिकाणी बोट ठेवतो. त्याचे सूत्रधार एन. एस. प्रभू त्या वेळी ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कचेरीत होते. १९८४ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात आठ वर्ग, अठरा शिक्षक आणि आठ ते पंधरा वर्षांची ३९० मुले सामील झाली. नाव बंगळूरचे पडले तरी मद्रासकडच्या शाळाही त्यात होत्या. या साध्या, भरलेल्या वर्गांत साहित्य म्हणाल तर खडू, फळा आणि कागद.

प्रभूंनी साच्यांची यादीच बाजूला ठेवली. तासाला मुलांपुढे यायचे ते एक कोडे: रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, महिन्याचे कॅलेंडर, घड्याळाच्या तबकड्या, खरेदीचा हिशेब. अमुक स्थानकावर गाडी किती वेळ थांबते? दुपारपर्यंत पोचायचे तर कोणती गाडी धरावी? आधी शिक्षक असेच एक कोडे संपूर्ण वर्गाबरोबर, प्रश्न विचारत विचारत, इंग्रजीतून सोडवी. मग तशाच धाटणीचे दुसरे कोडे प्रत्येकाने आपापले सोडवायचे. उत्तर एका शब्दाचे किंवा नुसता आकडा असले तरी चाले. तपासताना बघायचे ते उत्तर बरोबर आहे का. वाक्यातली चूक शिक्षक बोलण्याच्या ओघात दुरुस्त करी, तिच्यावर धडा घेत नसे. कोडे किती अवघड असावे याचे मापही प्रभूंनी ठरवले होते: निदान अर्ध्या वर्गाला त्यातले निदान अर्धे जमले पाहिजे.

आज ज्याशिवाय रंजक वर्गाची कल्पनाच केली जात नाही, ते गटकार्य मात्र त्यांनी मुद्दाम टाळले. एकमेकांचे कच्चे इंग्रजी ऐकून मुलांच्या चुका पक्क्या होतील, अशी त्यांना भीती वाटे. ही भीती थोडी जास्तच होती. तरी परक्या पद्धतीतले सोयीचे तेवढे घेऊन आपल्या वर्गाच्या अनुभवावर निर्णय करण्याची ही हिंमत मोलाची आहे.

अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी या मुलांची नेहमीच्या वर्गांशी तुलना करून १९८५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते एकंदरीत प्रयोगाच्या बाजूचे होते. प्रभूंचे पुस्तक १९८७ मध्ये ऑक्सफर्डने काढले आणि कृतीतून भाषा शिकवण्याच्या जगभरातल्या चर्चेत बंगळूरचे नाव कायमचे जोडले गेले. आपल्याकडच्या किती शिक्षक-प्रशिक्षण वर्गांत हे पुस्तक घेतले जाते, हे विचारायला हवे. कारण बेरेटांनी पुढे दाखवून दिलेली अडचण आपल्या ओळखीची आहे. प्रयोगात शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना ही पद्धत पेलली. शाळेतल्या रोजच्या शिक्षकांना ती जड गेली. ठरलेले वाक्य म्हणणे वेगळे आणि पोराने अनपेक्षित उत्तर दिल्यावर त्यातून पुढचा प्रश्न इंग्रजीत काढणे वेगळे.

महाराष्ट्राने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, तेव्हा ही अडचण हजारो जिल्हा परिषद शाळांच्या दारात येऊन उभी राहिली. जे शिक्षक स्वतः पाचवीत इंग्रजी शिकू लागले होते, त्यांनीच आता सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचे होते. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने अशाच शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा रेडिओ कार्यक्रम तयार केला. रेडिओतला आवाज सूचना देतो, उत्तरासाठी थांबतो, आणि मुले तेवढ्यात उभी राहतात, बोट दाखवतात, बोलतात. शिक्षक फळ्याजवळ असतो आणि त्या थांबलेल्या क्षणांत मुलांबरोबर त्याचेही इंग्रजी सुटत जाते.