एकशेवीस नाणी, मूठभर मिरी

सकाळचे सात वाजायचे आहेत. तारीख १० फेब्रुवारी १९८८, वार बुधवार, आणि तुम्ही उभे आहात टोकियोच्या इकेबुकुरो भागात, एका रांगेत. थंडी अशी की हात खिशाबाहेर काढवत नाहीत. रांग कॅमेऱ्यांच्या एका मोठ्या दुकानापासून सुरू होते, कोपरा वळते, पुढचा चौक ओलांडते आणि नजरेआड जाते. हजारो माणसं आहेत. ऑफिसला निघालेले कोटवाले आहेत, रात्रभर इथेच बसून काढलेली कॉलेजची पोरं आहेत, आणि तुमच्या पुढे बाराएक वर्षांचा मुलगा आहे, ज्याने दुकान उघडेल तेव्हा खरं तर वर्गात असायला हवं. अशा शेकडो मुलांना आज देशभरात पोलीस हटकणार आहेत. काही दुकानदार न खपलेल्या दुसऱ्या कॅसेटीही सोबत गळ्यात मारणार आहेत. तरी संध्याकाळपर्यंत दहा लाखांवर प्रती संपतील. किंमत ५,९०० येन. खेळाचं नाव ड्रॅगन क्वेस्ट ३.

मुलगा मागे वळून तुम्हाला विचारतो, "आधीचे दोन खेळलात ना?"

नसाल खेळलात, तर ही रांग तुम्हाला कळणार नाही. दुकान उघडायला वेळ आहे. तेवढ्यात दोन वर्षं मागे जाऊन येऊ.

२७ मे १९८६. एक छोटी खोली, जमिनीवर चटया, कोपऱ्यात टीव्ही, त्याला जोडलेला लाल-पांढरा फॅमिकॉम. हे यंत्र तुम्ही ओळखता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत जे टीव्ही गेम आले, ज्यांवर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळत सुट्ट्या गेल्या, त्या याच यंत्राच्या नकला होत्या. पण आत्ता पडद्यावर उड्या नाहीत, गोळीबार नाही. एक राजा सिंहासनावर बसलाय, आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. तुमचं नाव तुम्हीच मघाशी टाकलंत.

खोलीचं दार बंद आहे. आत तीन पेट्या. एकीत किल्ली, एकीत मशाल, एकीत १२० नाणी. यादीतून ‘घ्या’ निवडून पेटी उघडायची, ‘दार’ निवडून दार उघडायचं, ‘जिना’ निवडून जिना उतरायचा. बोलायचं झालं तर कुठल्या दिशेच्या माणसाशी हेही सांगावं लागतं. या एका खोलीतून बाहेर पडेस्तोवर तुम्हाला अख्खा खेळ खेळता येऊ लागलेला असतो, आणि कुणी शिकवल्याची जाणीवही नसते. ही खोली मला व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सर्वांत प्रेमाने बांधलेल्या जागांपैकी एक वाटते. ती बांधणारे युजी होरी ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात लिहायचे, आणि ज्याने असा खेळ कधी पाहिलेलाच नाही असा वाचक त्यांच्या रोजच्या सवयीचा होता.

बाहेर पडलात की दिसतं पाणी, आणि पाण्यापलीकडे काळाकभिन्न किल्ला. शत्रू तिथे राहतो. चार पावलं आणि मध्ये एक खाडी. पोहोचायला मात्र अख्खा खेळ लागणार आहे. ध्येय पहिल्याच मिनिटाला डोळ्यांसमोर ठेवायचं आणि वाट जगभर फिरवून आणायची, एवढी साधी ही योजना आहे. नंतरच्या किती महागड्या खेळांना ती जमलेली नाही!

आधी बाजारात चला. बांबूची काठी १० नाण्यांना, सोटा ६०, तांब्याची तलवार १८०. तुमच्याकडे १२०, म्हणजे तलवारीकडे नुसतं बघायचं. सोटा घेता. साधे कपडे २०. औषधी पाला २४. उरली १६, आणि सराईत एका रात्रीचे ६ पडतात. दोन रात्रींची सोय झाली. आता हा वीर दुसऱ्या कुणाचाही राहिलेला नाही. शेजारच्या घरातला मुलगा कदाचित दहाची काठी घेऊन बाकी पैसे तलवारीसाठी साठवत असेल, आणि त्याचा वीर त्याच्यासारखा होईल. तुमचा वीर अख्ख्या खेळात स्वतःहून फारसा बोलतच नाही. होरींनी ती जागा तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे.

माळरानावर पहिला शत्रू भेटतो स्लाइम. होरींनी कागदावर काढून दिला होता चिखलासारखा एक गोळा. चित्रकार अकिरा तोरियामांनी त्याचा थेंब केला, दोन टपोरे डोळे दिले आणि तोंडभर हसू. त्याला मारताना वाईटच वाटतं. एका स्लाइममागे अनुभवाचा एक गुण, आणि पुढच्या पायरीला लागतात सात. सातवा स्लाइम पडतो, छोटीशी विजयी धून वाजते, आणि मघाशी दोन फटक्यांत मरणारा प्राणी एका फटक्यात मरू लागतो. आकडे तर काय, हिशेबाच्या वहीतही वाढतात. इथे वाढलेला आकडा तुमच्या हाताला जाणवतो.

पूल ओलांडून पलीकडे गेलात की प्राणी एकदम दांडगे होतात. कुठे पाटी नाही, भिंत नाही. तुम्ही जाता, मरता, आणि राजासमोर डोळे उघडता. राजा रागावतो, निम्मी नाणी जातात. अनुभव मात्र सगळा तसाच राहतो. शिकलेलं काढून घ्यायचं नाही, हा होरींचा नियम या खेळाच्या थोरवीत फार मोठा वाटेकरी आहे असं मला वाटतं. ज्या मुलाचे हात चपळ नाहीत, ज्याला उड्यांच्या खेळात कुणी बरोबर घेत नाही, तोही इथे चिकाटीने जग जिंकू शकतो.

मूळ कल्पना होरींच्या नव्हत्या, आणि ते लपवायचं कारणही नाही. कागद, फासे आणि गप्पांवर चालणारा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली आला. त्यावरून १९८१ मध्ये संगणकावर ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले. होरी, आणि एनिक्स या कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला पोरसवदा प्रोग्रामर कोइची नाकामुरा १९८३ साली अमेरिकेला गेले आणि या खेळांच्या नादाने परतले. वरून दिसणारा नकाशा अल्टिमाचा, समोरासमोरची लढाई विझर्ड्रीची. पण ते खेळ जाड माहितीपुस्तकं वाचणाऱ्यांचे होते. होरींनी ते चौथी-पाचवीतल्या पोराच्या हातात आणून दिले, तेही ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. आज फोनवर आलेला एखादा धुरकट फोटोसुद्धा याहून मोठा असतो.

कॅसेटमध्ये तुमची प्रगती साठवून ठेवायची सोयच नाही. उठताना राजाकडे जायचं. तो हिरागाना लिपीतली वीस अक्षरं सांगतो, अर्थ नसलेला एक मंत्र. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि उद्या परत टाकायचा. टीव्हीचा पडदा अंधुक, अक्षरं एकमेकांची भावंडं, आपल्याकडे पहिलीतल्या पोराचा घ आणि ध, भ आणि म यांत जसा गोंधळ होतो तसा. एक टिंब चुकलं की आठवड्याची मेहनत गेली. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जाईल आणि घराघरांत रडारड होईल. तरीही त्या वह्या मला फार मोलाच्या वाटतात. कॅसेटला जे लक्षात ठेवता येत नव्हतं ते मुलं आपल्या हस्ताक्षरात सांभाळत होती.

निघण्याआधी एक गुहा बघून घ्या. तिच्यात राक्षस नाहीत, नुसता काळोख. मशाल पेटवली की पायाजवळचं तेवढंच दिसतं. तळाशी एक शिळा आहे. फार पूर्वी रोतो नावाच्या वीराने या जगाला वाचवलं, त्याने ती आपल्या वंशजांसाठी कोरून ठेवली आहे. तुम्ही त्याचे वंशज. वाचा, आणि विसरू नका.

इकेबुकुरोची रांग हलली. दुकान उघडलं. मुलगा धावत सुटला, तुम्हीही कॅसेट घेऊन घर गाठता.

खोबणीत बसवता. पडदा काळा. काळ्यावर फक्त नाव, ना चित्र ना संगीत. कॅसेट आता २५६ किलोबाइटची आहे, पहिलीच्या चौपट, पण जग एवढं मोठं झालं की जागा पुन्हा संपली, आणि सुरुवातीची सजावट काढून टाकावी लागली. मला हा काळा पडदा अतिशय आवडतो. गावातली एखादी म्हातारी टिकावी म्हणून निर्मात्यांनी आपलं प्रवेशद्वार पाडलं. मंत्रही गेला. कॅसेटमध्ये आता छोटी बॅटरी आहे, ती तीन जणांचा प्रवास लक्षात ठेवते. कधीमधी ती सगळं विसरते, आणि तेव्हा एक भेसूर सूर वाजतो. तो ऐकलेली माणसं पन्नाशीतही त्याच्या आठवणीने दचकतात.

आज तुमचा सोळावा वाढदिवस. आई उठवते, राजाकडे नेते. मग गुत्त्यात जाऊन सोबती निवडायचे: योद्धा, मल्ल, पुरोहित, जादूगार, व्यापारी. आणि एक विदूषक. त्याला घ्याच. ऐन लढाईत तो हुकूम न ऐकता चाळे करत बसतो, तुम्ही चिडता, सांभाळून घेता. विसाव्या पायरीला त्याला दार्माच्या देवळात न्या, जिथे माणसाला आपला पेशा बदलता येतो. ज्ञानी व्हायला इतरांना दुर्मिळ ग्रंथ शोधावा लागतो. विदूषक त्याशिवायच ज्ञानी होतो. खेळ यावर एक शब्दही बोलत नाही.

नकाशा नीट पाहिलात तर ही आपलीच पृथ्वी आहे, जराशी वाकवलेली. रोमारिया आहे, पिरॅमिडवाली इसिस आहे, आणि पश्चिमेच्या टोकाला समुद्रकाठी पोर्तोगा. तिथला राजा म्हणतो, पूर्वेकडून काळी मिरी आणून द्या, जहाज देतो. गोव्यात वाढलेल्या वाचकाला इथे थांबावंच लागेल. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला त्यामागे मसाल्याचा हाच व्यापार होता, आणि १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात शिरले. होरींनी तो व्यवहार उलटा केला. इथे जहाज आधी नाही. मिरीसाठी तुम्हाला डोंगराखालच्या बोगद्यातून पायी पूर्वेला जावं लागतं.

तुम्ही पोहोचता ते बहाराता नावाच्या गावी. शेजारून पवित्र मानलेली नदी वाहते. मिरीचं दुकान आहे, पण विक्री बंद, कारण दुकानदार म्हाताऱ्याच्या नातीला दरोडेखोरांनी पळवलंय. तिच्याशी ज्याचं लग्न ठरलंय त्या तरुणाचं नाव गुप्ता. टोकियोतल्या त्या बारा वर्षांच्या मुलालाही आज ना उद्या या गावी यायचं आहे, या गुप्तासाठी जीव धोक्यात घालायचा आहे. तुम्ही तिला आणि तिच्यामागे जाऊन अडकलेल्या गुप्तालाही सोडवून आणता. गुप्ता दुकानात उभा राहतो आणि मिरी देतो, पैसे न घेता.

ती घेऊन पोर्तोगाला परतता. जहाज मिळतं. या खेळातला माझा सर्वांत लाडका क्षण हाच. इतका वेळ वाट सांगत होती कुठे जायचं ते. आता चहूबाजूंनी समुद्र आहे आणि कुठल्याही किनाऱ्याला लागायची मुभा आहे. कुणी काही सांगत नाही. स्वातंत्र्य पहिल्या मिनिटाला मिळालं असतं तर गोंधळ झाला असता. मिरीसाठी चालून झालेलं असल्यामुळे त्याची चव कळते.

आणि त्या मोकळ्या समुद्रापलीकडे एक माळ आहे. तिथे एक म्हातारा गाव वसवायला व्यापारी मागतो. तुम्ही वाढवलेला सोबती तिथे ठेवून जाता. पुढच्या खेपेला दुकान, त्यापुढच्या खेपेला मोठं शहर, शहराला त्याचंच नाव. मग एकदा येता तर तो तुरुंगात असतो; लोकांना राबवून घेतलं म्हणून त्यांनीच उठाव केलाय. तुम्ही सोडून गेलात आणि तो तुमच्यावाचून बदलला. मोजक्या किलोबाइटांत, चार-दोन वाक्यांच्या संवादात हे सगळं बसवलंय.

शेवटी, ज्याला मारायला घरून निघाला होतात त्या बारामोसला मारता. घरी उत्सव सुरू होतो, तुताऱ्या वाजतात, आणि वीज कोसळते. खरा शत्रू खाली आहे. जमिनीला पडलेल्या प्रचंड भगदाडात तुम्ही उडी घेता.

खाली कायमची रात्र आहे. होडी घेऊन पुढे सरकता, आणि संगीत सुरू होतं. ही धून तुम्ही ओळखता. कोइची सुगियामा, टीव्हीसाठी संगीत देणारे, पन्नाशी उलटलेले संगीतकार, बुद्धिबळासारख्या शोगीच्या खेळाबद्दल एनिक्सला अभिप्रायाचं कार्ड पाठवतात काय आणि त्यातून या खेळाशी जोडले जातात काय! १९८६ च्या माळरानावर एकट्या वीरासोबत त्यांची हीच एकाकी धून चालत होती. किनारा तोच. किल्ला तोच. पाण्यापलीकडे तीच काळी वास्तू. हे अलेफगार्ड आहे, पहिल्या खेळाचं जग, आणि काळ त्याच्याही आधीचा. तुम्ही त्या खऱ्या शत्रूला, झोमाला, हरवता, पहाट होते, आणि राजा तुम्हाला पदवी देतो: रोतो.

त्या गुहेतली शिळा कुणी कोरली ते आता तुम्हाला कळलं. वर्षानुवर्षं कानावर पडलेल्या दंतकथेतला पूर्वज तुम्हीच, गुत्त्यातून विदूषक निवडणारे, मिरी आणणारे. दुसरी कुठलीही कला हे असं करू शकेल असं मला वाटत नाही. कादंबरी तुम्हाला वीराबद्दल सांगेल, सिनेमा दाखवेल. इथे वीराचं चालणं तुम्ही चाललेले असता.

आता आजच्या काळात या. तोरियामा आणि सुगियामा दोघेही आपल्यात नाहीत. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते रोतोच्या सुरांवर. आणि हे खेळ नव्या रूपात पुन्हा आलेत: तिसरा भाग १४ नोव्हेंबर २०२४ ला, पहिला-दुसरा एकत्र ३० ऑक्टोबर २०२५ ला. कथेतल्या काळानुसार हा क्रम बरोबर आहे, पण तुम्ही तसं करू नका. पहिला आधी खेळा. जुनाट वाटेल, एकट्याने फिरावं लागेल, पण तो संपवायला काही संध्याकाळी पुरतात. गुहेतली शिळा वाचल्यावरच तिसरा सुरू करा, आणि गुत्त्यात गेलात की विदूषकाला सोबत घ्या.