पाँपेईस जाण्यापूर्वीं

इतिहास शिकविणाऱ्या माणसानें पाँपेई पाहिलेली नसावी, ही कांहीं भूषणावह गोष्ट नव्हे. गेलीं पंचवीस वर्षें आम्ही त्या नगरीवर दरसाल दोन व्याख्यानें देत आलों आहों, आणि तीं सर्व पुस्तकांच्या व नकाशांच्या आधारावर. येत्या ऑक्टोबरांत हा उणेपणा भरून काढण्याचा योग येत आहे. नेपल्सहून व्हेसूव्हियसच्या पायथ्यानें जाणारी लहान आगगाडी पाऊण तासाच्या आंत अवशेषांच्या दाराशीं आणून सोडते. तेव्हां प्रवास अवघड नाहीं. अवघड आहे तें काय पाहावें व कोणत्या क्रमानें पाहावें हें ठरविणें. आमचे एक मित्र तेथें जाऊन आले आहेत. त्यांच्या मतें अर्धा दिवस पुरे. आम्हीं तीन दिवस राखून ठेवले आहेत, आणि ते कां, हें येथें सांगावयाचें आहे.

ऑक्टोबर महिना आम्हीं निवडला तो केवळ सुटीच्या सोयीनें; पण त्यामुळें एका जुन्या पापाची आठवण झाली. धाकट्या प्लिनीनें टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांपैकीं एकाच्या प्रचलित पाठावरून ज्वालामुखीच्या स्फोटाची तिथि 24 ऑगस्ट 79 अशी धरली जात असे. परंतु 2018 सालीं एका घराच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेली एक ओळ सांपडली. तींतील रोमन कालगणना आपल्या हिशेबानें 17 ऑक्टोबरची येते. वर्षाचा उल्लेख तींत नाहीं हें खरें. तथापि कोळशाचीं अक्षरें उघड्यावर वर्षभर टिकणें कठीण, आणि शरद ऋतूंतील फळें पूर्वींच सांपडलीं होतीं. म्हणून आज पुष्कळ विद्वान् 24 ऑक्टोबरकडे झुकतात. आम्हीं मात्र विद्यार्थ्यांकडून ऑगस्ट पाठ करून घेतला, आणि महिना चुकला म्हणून उत्तरपत्रिकेंत गुणहि कापले. ते गुण आतां परत कोणाला द्यावयाचे?

नगरी एका क्षणांत गडप झाली हीहि अशीच एक सोयीची समजूत. पहिल्या दिवशीं दुपारपासून कित्येक तास हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव होत होता. छपरें कोसळूं लागलीं होतीं, तरी चालत निघून जाणें पुष्कळांस शक्य होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तप्त वायु व राख यांचा लोट आला, तेव्हां जे मागें राहिले होते ते गेले. ते कां राहिले असतील? आम्हांस इसिस देवीच्या मंदिराचा शिलालेख येथें आठवतो. 62 च्या भूकंपांत तें मंदिर पायापासून ढासळलें होतें. तें स्वखर्चानें पुन्हा बांधल्याबद्दल पोपिदियस सेल्सिनस यास नगरसभेनें विनामूल्य आपला सभासद करून घेतलें. या दात्याचें वय सहा वर्षें! खर्च अर्थात् बापाचा; तो बहुधा दास्यमुक्त असल्यानें त्यास स्वतःला तो मान मिळणें नव्हतें. ज्यांनीं भूकंपानंतर सतरा वर्षें अशा आशेनें घरें व देवळें उभारलीं, ते दगडांच्या पहिल्या सरीबरोबर सारें सोडून कसे निघावे? पहिला दिवस आम्हीं या मंदिरासाठीं, आणि चाकांनीं खोल चऱ्या पाडलेल्या रस्त्यांसाठीं ठेवला आहे.

दुसरा दिवस नेपल्सच्या संग्रहालयाचा. 1748 सालीं येथें खोदकाम सुरू झालें तें ज्ञानासाठीं नव्हे, राजवाड्याच्या शोभेसाठीं. ही नगरी पाँपेईच होय, हें 1763 मध्यें एका शिलालेखावरून कळलें. उत्तम चित्रें व फरशा उचलून नेपल्सला गेल्या. अलेक्झांडरच्या लढाईचें प्रसिद्ध कुट्टिमचित्र तेथेंच आहे. म्हणून ज्यानें केवळ अवशेष पाहिले त्यानें भिंती पाहिल्या, घर पाहिलें नाहीं.

पण खरें सांगावयाचें तर आमचें लक्ष तेथील एका वीतभर उंचीच्या हस्तिदंती मूर्तीकडे आहे. 1938 मध्यें मायुरी यांस ती एका घरांत सांपडली. अंगावर दागिन्यांखेरीज कांहीं नाहीं, दोन्ही बाजूंस दोन लहान सेविका. ती लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली. यक्षी म्हणणें अधिक सयुक्तिक असें आमचें मत आहे. मस्तकांत वरून भोंक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावी असे तर्क आहेत. तिच्या अगदीं जवळच्या नात्यांतील मूर्ति जालना जिल्ह्यांतील भोकरदन व आपलें तेर येथें मिळाल्या आहेत. तेरची मूर्ति आम्हीं तेथील संग्रहालयांत दोनदां पाहिली आहे. मात्र पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येकडील. तेव्हां आपलाच कारागीर म्हणून छाती फुगविण्याची घाई नको. दोन्ही मूर्तींची ठेवण एकाच पंधरवड्यांत डोळ्यांखालून घालावी, एवढीच हौस. हिंदुस्थान दरसाल पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार थोरल्या प्लिनीनें लिहून ठेविली आहे. तो याच स्फोटांत मरण पावला. ही मूर्ति त्या तक्रारीची जणूं पावतीच, त्याच राखेखालीं राहिली.

तिसऱ्या दिवशीं पुन्हा पाँपेई. तटाच्या आंतील सुमारें 66 हेक्टरांपैकीं एक तृतीयांश भाग अद्याप खणलेला नाहीं. 'मग खणीत कां नाहींत?' असें आमचे मित्र विचारतात. उघडें पडलेलें किती टिकतें हें त्यांनीं पाहावें. 1943 च्या महायुद्धांत या अवशेषांवर दीडशेंहून अधिक बॉंब पडले. 2010 मध्यें मल्लांच्या शाळेची म्हणून ओळखली जाणारी इमारत पावसाळी हवेंत आपोआप कोसळली. मातीइतका चांगला राखणदार अजून मिळालेला नाहीं. उरलेलें पुढच्या पिढ्यांसाठीं झांकलेलें राहूं द्यावें. त्या न खणलेल्या बांधाच्या कडेला अंमळ उभें राहावें असें आमच्या मनांत आहे.

नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला वीस हजारच माणसें आंत सोडतात व तिकिटावर नांव घालतात. नगरीच्या रंगमंडळांतहि सुमारें तितकींच माणसें मावत, आणि 59 मध्यें तेथें शेजारच्या गांवकऱ्यांशीं अशी मारामारी झाली कीं खेळ दहा वर्षें बंद करण्याचा हुकूम सुटला. संग्रहालय मंगळवारीं बंद. म्हणून मंगळवारीं पाँपेई, बुधवारीं ती हस्तिदंती बाई, गुरुवारीं पुन्हा पाँपेई, असा बेत कायम केला आहे. अर्धा दिवस कोठें पुरला हें मित्रांस परत आल्यावर विचारूं.