रिव्हॉल्व्हरची यांत्रिक तपासणी

नव्या रिव्हॉल्व्हरमधील सुट्या भागांची अंतरे, त्यांची जुळणी आणि हालचालीचा क्रम वापरायोग्य मर्यादेत आहे का, हे पाहण्याची पद्धत. पिस्तुलात एकाच नळीच्या मागे एकच चेंबर असते. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच, सहा किंवा अधिक चेंबरे पाळीपाळीने त्याच नळीसमोर येऊन थांबतात आणि प्रत्येक वेळी तितक्याच अचूकपणे थांबावी लागतात. त्यामुळे एका चेंबरवर बरोबर चालणारे हत्यार चौथ्यावर अडखळू शकते. तपासणीतील बहुतेक कसोट्या प्रत्येक चेंबरवर स्वतंत्रपणे घ्यायच्या असतात. शस्त्र रिकामे आहे याची खात्री सिलिंडर उघडून, डोळ्यांनी आणि बोटाने करूनच सुरुवात करतात. खरे काडतूस जवळपासही ठेवत नाहीत.

सर्वांत जास्त चर्चा होते ती सिलिंडरचे तोंड आणि नळीचे मागचे टोक यांमधील फटीची. नवखा खरेदीदार ही फट पाहून दचकतो, पण ती दोष नाही. ती नसेल तर सिलिंडर फिरणारच नाही. साधारणपणे 0.004 ते 0.006 इंच (0.10 ते 0.15 मिमी.) ही फट उत्तम समजली जाते. काही उत्पादकांची वरची मर्यादा 0.010 ते 0.012 इंचांपर्यंत जाते. फट जास्त असेल तर तप्त वायू बाजूने निसटतो, गोळीचा वेग थोडा घटतो आणि शिशाचे कण उडतात. फार कमी असेल तर वेगळीच अडचण येते. सिलिंडर सुमारे 40 मिमी. लांब धरला आणि सलग गोळीबाराने तो 60 अंश सेल्सिअसने तापला, तर पोलाद जवळजवळ 0.03 मिमी. वाढते. 0.05 मिमी.ची फट मग निम्म्याहून अधिक भरून जाते. त्यात दारूची काजळी साचली की सिलिंडर घासून अडकतो. दुकानात हातात घेतल्यावर 'घट्ट' वाटणारे हत्यार चांगलेच असते, हा समज म्हणूनच फसवा आहे. ही फट पूर्णपणे बंद करण्याचा यशस्वी प्रयोग म्हणजे रशियाने 1895 मध्ये स्वीकारलेले नागां रिव्हॉल्व्हर. त्यात घोडा मागे जाताना संपूर्ण सिलिंडर पुढे सरकतो आणि काडतुसाचे तोंड नळीत शिरते. त्याची किंमत जड चाप आणि गुंतागुंतीची यंत्रणा या रूपाने मोजावी लागली.

फट फीलर गेजने मोजतात, पण नुसती एकदा पाती सरकवून भागत नाही. सिलिंडर आधी मागे दाबून धरून आणि नंतर पुढे ढकलून, अशी दोनदा मोजणी करतात. दोन आकड्यांतील फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे होणारा प्ले. तो 0.001 ते 0.003 इंच असावा. नव्या हत्यारात त्याहून बराच अधिक निघाला तर ते परत करणेच योग्य, कारण प्रत्येक बाराबरोबर सिलिंडर पुढेमागे आदळतो आणि हा प्ले वाढतच जातो. मोजणी सगळ्या चेंबरांवर करतात. आकडे एकसारखे न आल्यास सिलिंडरचे तोंड त्याच्या आसाला काटकोनात कापलेले नाही, असे समजावे. काडतुसाचे बूड आणि मागची पोलादी भिंत यांमधील अंतरही याच वेळी पाहतात. ते वाढले तर फायरिंग पिनचा घाव उथळ पडून काडतूस न फुटण्याची शक्यता असते. कमी असेल तर फिरताना बूड भिंतीला घासते.

खरी परीक्षा मात्र टायमिंगची. घोडा मागे ओढला की 'हँड' नावाची पट्टी सिलिंडरच्या मागील दात्यांना ढकलते, सिलिंडर फिरतो आणि खालचा 'स्टॉप' खाचेत पडून त्याला जागेवर रोखतो. घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आधी, निदान त्याच क्षणी, स्टॉप खाचेत बसला पाहिजे. घोडा झटक्यात ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वेगानेच जागेवर पोहोचतो आणि दोष झाकला जातो. म्हणून घोडा अगदी सावकाश ओढतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित रोध देतात. घोडा अडकला, पण स्टॉपचा खटका ऐकू आला नाही, तर ते चेंबर मागे पडते आहे. दुहेरी क्रियेच्या, म्हणजे चाप दाबूनही घोडा चढणाऱ्या, हत्यारात हीच कसोटी चाप हळूहळू दाबून पुन्हा घेतात. दोन्हींचे निकाल सारखेच येतील असे नाही.

किती मागे पडले म्हणजे बिघडले, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. .38 कॅलिबरच्या मध्यम आकाराच्या सहा-बारी रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबरचा मध्य सिलिंडरच्या आसापासून सुमारे 13 मिमी. अंतरावर असतो. सिलिंडर एका अंशाने कमी फिरला तरी चेंबर नळीच्या मध्यापासून 0.23 मिमी. बाजूला राहते. नळीच्या तोंडाशी असलेला निमुळता शंकू गोळीला मध्यावर आणतो, पण एका कडेने शिसे तासले जाते आणि ते फटीतून नेमबाजाच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगावर येते. सिलिंडर रोखलेल्या अवस्थेत डावी-उजवीकडे थोडा हलणे मात्र चालते. जुन्या कोल्ट दुहेरी-क्रिया रचनेत चाप दाबलेला असताना सिलिंडर गच्च धरला जाई. स्मिथ अँड वेसन पद्धतीत किंचित प्ले मुद्दाम सोडतात, म्हणजे गोळीला स्वतःहून मध्य साधता येतो. एका घराण्याचा निकष दुसऱ्याला लावून हत्यार नापास करणे ही अनेकांची आवडती चूक आहे.

नेमाच्या दृष्टीने चेंबरच्या पुढच्या तोंडाचा व्यास सर्वांत महत्त्वाचा, आणि दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. तो नळीच्या खोबणीच्या व्यासाइतका किंवा नावापुरता मोठा हवा. तोंड अरुंद असेल तर गोळी तिथेच आवळली जाते आणि पुढे नळीत सैल पडते. मापासाठी पिन गेज लागतात. सहाही तोंडे एकाच मापाची असावीत. नळी फ्रेममध्ये फार ताणून आवळली असेल तर आट्यांच्या जागी ती आतून आकसते. नळीतून मऊ शिशाची गोळी हाताने ढकलली तर तिथे अचानक जोर लागतो.

घोडा चढवून अंगठ्याने पुढे दाबला तर तो सुटता कामा नये. सुटला, तर बाकीचे आकडे पाहण्याची गरजच नाही.

या आकड्यांमागे उत्पादनाचा इतिहास आहे. सॅम्युअल कोल्टला अमेरिकी पेटंट 1836 मध्ये मिळाले आणि 1853 मध्ये त्याने लंडनमध्ये यंत्रांवर चालणारा कारखाना काढला. सुटे भाग अदलाबदलीचे असल्याचा त्याचा गाजावाजा मोठा होता. प्रत्यक्षात ते कानशीने जुळवून त्यांवर एकच क्रमांक ठोकला जाई. हाताने जुळवलेल्या हत्यारात एकेका भागाची चूक दुसऱ्याने सांभाळून घेतलेली असते. आजच्या यंत्रकामात प्रत्येक भाग मर्यादेत असूनही सर्वांच्या चुका एकाच दिशेने साचू शकतात. प्रूफ हाउसचा शिक्काही याचे उत्तर देत नाही. लंडन (1637 ची सनद) किंवा बर्मिंगहॅम (1813) येथील चाचणी जास्त दाबाचे काडतूस उडवून पोलादाची ताकद पाहते. टायमिंग पाहत नाही.

भारतात .32 बोअरची रिव्हॉल्व्हरे कानपूरच्या सरकारी कारखान्यांत बनतात. टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे 500 ग्रॅमचे 'निर्भीक' 2014 मध्ये बाजारात आले. वेब्ली परंपरेतील मधोमध मोडून उघडणाऱ्या या रचनेत बिजागरी आणि वरची कडीही तपासावी लागते. त्या झिजल्या की नळी आणि सिलिंडर फ्रेमवर सैल बसतात आणि काडतुसाच्या बुडामागचे अंतर वाढते. बंद हत्यार हातात घट्ट धरून नळी वर-खाली दाबून पाहावी. दोष आढळल्यास घरी कानस मारू नये: शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्ती आणि चाचणी या दोन्हींसाठी परवाना लागतो. शिवाय वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावरच नमूद असते. त्यामुळे भरपूर गोळीबार करून दोष उघडकीस आणण्याचा अमेरिकी मार्ग इथे सहसा खुला नसतो, आणि ताबा घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या टेबलावर घेतलेली मापे हाच खरेदीदाराचा मुख्य आधार ठरतो. ती चेंबरनिहाय लिहून ठेवावीत. पुढे वाढलेली झीज याच आकड्यांशी ताडून पाहता येते.