पेडल-आघात (विद्युत पर्वतीय सायकल)

पेडल-आघात म्हणजे सायकल चालत असताना खाली आलेले पेडल किंवा क्रँकचे टोक जमिनीवर, दगडावर, झाडाच्या मुळावर अथवा ओंडक्यावर आदळणे होय. हा प्रकार सर्वच सायकलींत संभवतो. तथापि मोटार बसविलेल्या पर्वतीय सायकलींत, म्हणजे ई-माउंटन बाइकमध्ये, तो विशेष प्रमाणात आढळतो. आघात किरकोळ असल्यास पेडलच्या खिळ्या झिजतात व क्रँकवर ओरखडे उमटतात. जोराचा असल्यास पेडलचा दांडा वाकतो, क्वचित क्रँकही वाकते आणि स्वार पडतो. अरुंद पायवाटेच्या एका बाजूस दरी असेल तर हे पडणे जिवावर बेतू शकते.

कारणे

पेडल-आघाताचे मूळ सायकलीच्या भूमितीत आहे. दोन्ही क्रँक ज्या आसाभोवती फिरतात त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. या आसाची जमिनीपासूनची उंची, क्रँकची लांबी आणि पेडलची जाडी या तीन मापांवरून पेडलखाली किती मोकळी जागा उरते ते ठरते. उदाहरणार्थ, आसाची उंची ३४५ मिमी, क्रँक १७५ मिमी आणि पेडलची अर्धी जाडी ८ मिमी धरल्यास पेडलखाली १६२ मिमी जागा राहते. हे माप मात्र रिकाम्या, उभ्या सायकलीचे आहे. स्वार बसताच स्प्रिंग वा हवेवर चालणारी निलंबन-व्यवस्था (सस्पेन्शन) दबते. १५० मिमी चालीच्या निलंबनात मागे सुमारे ३० टक्के व पुढे सुमारे २० टक्के दाब बसतो, असे धरले तर आस जवळजवळ ४० मिमी खाली येतो आणि १६२ मिमीपैकी १२२ मिमीच शिल्लक राहतात. खड्ड्यात किंवा दगडावरून उतरताना निलंबन आणखी दबते तेव्हा तर ही जागा फारच थोडी उरते.

सायकल कलली म्हणजे हिशेब अधिकच बिघडतो. पेडलचे बाहेरचे टोक सायकलीच्या मध्यरेषेपासून सुमारे १९० मिमी दूर असते. सायकल त्या बाजूस २० अंशांनी कलल्यास वरील उदाहरणातील १२२ मिमी जागा अवघी ५० मिमीच्या आसपास येते. डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेवर सायकल सरळ उभी असली तरी वरच्या उताराकडील पेडलची स्थिती अशीच होते. सह्याद्रीतील सुट्या काळ्या खडकाच्या वाटांवर सायकल चालविणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग आस उंच का ठेवीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. आस खाली असला की स्वाराचे वजन चाकांच्या धुऱ्यांखाली झोळीसारखे तोलले जाते. वळणावर सायकल स्थिर वाटते आणि तीव्र उतारावर पुढे कोलमडण्याची भीती कमी होते. म्हणून आधुनिक पर्वतीय सायकलींत आस बराच खाली ठेवण्याचा प्रघात पडला. पेडल-आघात हा या स्थैर्यासाठी मोजावा लागणारा मोबदला आहे. उलट, धावपट्टीवरील शर्यतींच्या सायकलींत पेडल मारणे थांबविता येत नाही, म्हणून त्यांत आस मुद्दाम उंच ठेवतात.

मोटारीचा परिणाम

मोटार नसलेल्या सायकलीचा स्वार अतिखडकाळ चढावर बहुधा उतरून चालू लागतो. मोटार असली की तोच चढ बसून चढता येतो आणि आघाताचे प्रसंग वाढतात. शिवाय या सायकलींची मोटार स्वार पेडल मारीत असतानाच साहाय्य करते. अवघड पायरीपाशी पाय थांबविले की मोटारही थांबते आणि वीस ते पंचवीस किलो वजनाची सायकल जागीच अडते. पाय थांबवावेत तर गती जाते, न थांबवावेत तर पेडल दगडावर बसते, अशा पेचात स्वार सापडतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा मोटारीची अविरत शक्ती २५० वॅट व साहाय्याची वेगमर्यादा ताशी २५ किमी असली, तरी कमी वेगात ती ८५ न्यूटन-मीटर इतका टॉर्क देऊ शकते. एवढ्या जोराने पुढे जात असताना पेडल दगडावर टेकले की सायकलीचा काही भार चाकांऐवजी पेडलवर येतो, मागच्या चाकाची पकड सुटते आणि सायकल आडवी फेकली जाते.

क्रँकची लांबी

आघात कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आखूड क्रँक. पूर्वी पर्वतीय सायकलींना १७० किंवा १७५ मिमी क्रँक सर्रास असत. विद्युत सायकलींत आता १६५ व १६० मिमी क्रँक रूढ झाल्या आहेत आणि त्याहून आखूडही मिळतात. १७५ ऐवजी १६० मिमी क्रँक बसविल्यास १५ मिमी जागा वाढते. हा आकडा क्षुल्लक भासेल. पण वरील उदाहरणातील कललेल्या सायकलीखाली ५० मिमीच जागा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

आखूड क्रँकने शक्ती घटते अशी जुनी समजूत आहे. तरफेचा दांडा आखूड झाल्यामुळे तेवढ्याच टॉर्कसाठी पायाला सुमारे ९ टक्के अधिक जोर लावावा लागतो, हे खरे. पण शक्ती ही जोर व गती या दोहोंवर अवलंबून असते, आणि आखूड क्रँक सहज जलद फिरविता येते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० ते २२० मिमी अशा पाच लांबींच्या क्रँक वापरून सायकलपटूंची कमाल शक्ती मोजली गेली. तीत आढळलेला फरक चार टक्क्यांच्या आतबाहेर होता आणि १४५ व १७० मिमी या लांबी सरस ठरल्या. मोटारीचे साहाय्य असताना तर ही चिंता बहुतांशी निरर्थक ठरते.

क्रँक बदलताना खोगीर तेवढ्याच मापाने वर घ्यावे लागते, अन्यथा गुडघे अवघडतात. १५ मिमी आखूड क्रँक लावून खोगीर १५ मिमी उचलले की खालच्या टोकाशी पाय पूर्वीइतकाच ताणला जातो आणि वरच्या टोकाशी गुडघा कमी दुमडतो. गुडघेदुखीच्या काही स्वारांना हा बदल आवडण्याचे कारण हेच. मोटारीच्या आसाची दातेरी रचना कंपनीपरत्वे निराळी असते. तेव्हा जुळणारी क्रँक निवडणे आवश्यक आहे. पेडल काढताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे विसरून अनेक क्रँक खराब झालेल्या आहेत.

अन्य यांत्रिक उपाय

निलंबनातील हवेचा दाब स्वाराच्या वजनानुसार ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय असून तो प्रथम करावा. पाठीवरील ओझ्यासह वजन धरून दाब न ठेवल्यास आस नकळत खाली बसलेला असतो. पातळ पेडलांमुळे थोड्या मिलिमीटरांचा लाभ होतो. काही चौकटींत निलंबनाच्या जोडापाशी उलटवता येणारी चकती असते. तिने आस किंचित उचलता येतो. याउलट २९ इंची मागचे चाक काढून २७.५ इंची चाक लावल्यास, चौकट त्यासाठी घडविलेली नसेल तर, आस सुमारे १२ मिमी खाली जातो. चाकबदलाच्या हौसेत ही गोष्ट पुष्कळदा ध्यानातून निसटते.

चालविण्याचे तंत्र

यंत्रापेक्षा अभ्यास अधिक उपयोगी पडतो, असे अनुभवी स्वार मानतात. नजर पुढच्या चाकावर न ठेवता काही मीटर पुढे ठेवावी आणि दगड येईपर्यंत पेडल कोणत्या स्थितीत असेल याचा अंदाज घ्यावा. दगडापाशी पूर्ण फेरा न मारता पेडल अर्धे पुढे ढकलून पुन्हा मागे आणावे, म्हणजे ते जवळजवळ आडवेच राहते. या अर्धफेऱ्यांच्या रीतीत मोटारीचे साहाय्य तुटत नाही. मात्र तिच्यासाठी गिअर फार हलका नसावा, नाहीतर अर्ध्या फेऱ्यात सायकल पुरेशी सरकत नाही. उतारावरील वळणात बाहेरचे पेडल खाली व आतले वर ठेवणे हा नियम सर्व सायकलींना लागू आहे.

पाय थांबल्यावरही मोटार क्षणभर ढकलत राहील अशी सोय काही उत्पादकांनी केली आहे. बॉश कंपनीने २०२० मध्ये आपल्या पर्वतीय सायकलींच्या प्रणालीत ती आणली. तिच्यामुळे पायरी चढताना पेडल आडवे धरून थांबता येते. अरुंद, वळणदार वाटेवर मात्र हाच अतिरिक्त धक्का सायकल वाटेबाहेर नेऊ शकतो. म्हणून अशा ठिकाणी साहाय्याची पातळी आधीच कमी करतात.