ब्लॉक (टेबल टेनिस)

ब्लॉक : प्रतिस्पर्ध्याचा वेगवान टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरक दिलेला फटका) वा स्मॅश टेबलाजवळच उभे राहून, टप्पा पडल्यावर चेंडूची उसळी पूर्ण होण्याआधी, छोट्या हालचालीने परतवण्याचा फटका. यात पकड सैल व मनगट जवळजवळ स्थिर असते. चेंडूवर फिरक जितकी जास्त, तितकी रॅकेट पुढे झुकवावी लागते. नाहीतर टॉपस्पिनचा चेंडू रबराला लागताच वर उडून टेबलाबाहेर जातो. हा फटका चपळ हातांचा मानला जातो. प्रत्यक्षात तो आधी अंदाजाचा आणि मग हाताचा आहे. टेबलाची लांबी २.७४ मीटर असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू तीन मीटर अंतर ०.१५ सेकंदात कापतो. हवेचा रोध धरला तरी हा काळ ०.२ सेकंदाच्या आतबाहेरच राहतो. डोळ्यांनी टिपलेल्या खुणेला साधा प्रतिसाद द्यायलाही माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चेंडू निघाल्यावर विचार करू लागणारा खेळाडू आधीच मागे पडलेला असतो. त्याला समोरच्याचा खांदा, रॅकेटची दिशा आणि आपण दिलेला चेंडू कुठे पडला, यांवरून उत्तर आधीच ठरवावे लागते.

याचा ठळक पुरावा मुंबईतला आहे. १९५२ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेथे भरली; आशियातील ती पहिलीच. जाड स्पंजची रॅकेट घेऊन आलेल्या जपानच्या हिरोजी साटोने हंगेरीच्या योझेफ कोचियानला अंतिम सामन्यात हरवून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. साटो काही जबर प्रहारासाठी ओळखला जात नव्हता. मात्र पुटकुळ्यांच्या साध्या रबरावर चेंडू आपटल्याचा जो आवाज येई, तो स्पंजने गिळला आणि चेंडूच्या वेगाचा नेहमीचा अंदाज चुकू लागला. जगातल्या उत्तम खेळाडूंचे हात एका आठवड्यात मंद झाले नव्हते. त्यांच्या खुणा हरवल्या होत्या. त्याच वर्षी साटो हाँगकाँगमध्ये पराभूत झाला, म्हणजे ते कोडे न सुटणारे नव्हते.

यावर एक आक्षेप असा, की टेबलापासून मागे सरकले की वेळ आपोआप मिळतो. मिळतो खरा, पण तेवढाच प्रतिस्पर्ध्यालाही मिळतो. शिवाय तिरपा चेंडू जसजसा मागे जातो तसतसा अधिक बाहेर पळतो आणि पायांचे काम वाढते. दुसरा आक्षेप साधनाचा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकले. त्याच स्पर्धेत एकेरीचे सुवर्णही मिळवणारी मनिका बत्रा बॅकहँडला लांब पुटकुळ्यांचे रबर वापरते. हे रबर चेंडूचा वेग शोषते आणि समोरच्याचीच फिरक उलटी परत पाठवते. मग श्रेय रबराला द्यावे का? पण तेच रबर दुकानात कुणालाही मिळते. चेंडूच्या वाटेत ते वेळेवर आणायचे तर दिशा ओळखावीच लागते. चपळतेचे महत्त्व याने नाकारले जात नाही. शेवटच्या क्षणी कोन दुरुस्त करायला ती लागतेच. मात्र एकाच जागी, ठरलेल्या दिशेने चेंडू देऊन घेतलेला ब्लॉकचा सराव फक्त हात घडवतो. दिशा, वेग व फिरक न सांगता बदलणारा सरावच या फटक्याचा खरा पाया घालतो.